बहिणीच्या घरून अर्धपोटी

स्वप्नात मी नेहमी बारीक असतो. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावरून पळत असतो, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो, आणि आपले पाय जमिनीला लागतात की नाही, अशी मलाच शंका येते. मग जाग येते. कूस बदलावी म्हणतो तर पलंग कण्हतो, आणि पलीकडून बायकोचा आवाज येतो, "हळू वळा जरा. भूकंप झाल्यावानी करता."

असा स्वप्नात बारीक आणि जागेपणी जाड हा माझा दुहेरी संसार बरीच वर्षं सुखानं चालला होता. नोकरी अमरावतीला, सरकारी कार्यालयात, खुर्चीवरची. खुर्चीचे दोन्ही हात माझ्या कमरेला असे धरून असायचे की मी उठलो की तीही जराशी माझ्याबरोबर उठायची. कोणी हसलंच तर मी म्हणायचो, आमच्या घराण्याची हाडंच जड. बायको म्हणायची, "हाडं कायची आली? बाईच्या भाकरी हायेत त्या."

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या घरी तिला बाईच म्हणतात. आई दिवसभर शेतात, निंदायला नाहीतर वेचायला, म्हणून मला वाढवलं ते बाईनं. ती स्वतः परकरी पोर होती, आणि मला कडेवर घेऊन चूल सांभाळायची, असं सगळे सांगतात. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की धूर आहे, आणि त्या धुरातून एक हात माझ्या तोंडाकडे येतो आहे. लग्न होऊन ती अकोल्याला गेली तरी तो हात काही मागे गेला नाही.

भाऊ आपल्या घरून अर्धपोटी जाऊ द्यायचा नाही, हा तिच्या संसाराचा पाया होता. नवरा, मुलगा, घर, सगळं त्यावर उभं. मी ताटावर हात आडवा धरला तर ती हातावर वरण वाढायची. खोटं सांगत नाही, मी बोटं चाटली आहेत. पाणी प्यायला मान वर केली की खाली ताटात भाकर येऊन पडलेली असायची. एकदा मी धूर्तपणे पाणीच प्यायलो नाही, तर म्हणाली, "तहान नाई लागली म्हनजे पोट नाई भरलं अजून." बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा असायचा, जवसाची चटणी, आणि शेवटी गुळाच्या पोळीवर तूप, तेही कडेनं ओघळेपर्यंत. मी रेल्वेत बसलो की गाडी बडनेऱ्यापर्यंत माझ्यासकट डुलत यायची.

मग बाईच्या किडन्यांनी काम सोडलं.

रक्तदाबानं त्या बरीच वर्षं आतल्या आत, कोणाला न सांगता, खाल्ल्या होत्या. कळलं तेव्हा डायलिसिसशिवाय इलाज नव्हता. आठवड्यातले ठरलेले दिवस ती अकोल्याच्या दवाखान्यात मशीनला जोडून पडायची आणि उरलेल्या दिवसांत त्या दिवसांचा थकवा काढायची. तिची भाजी दोनदा उकळून पाणी फेकलेली, बिनमिठाची. संत्रं बंद. शेंदूरजनाघाटहून ओळखीचे कोणी पेटी पाठवायचे, तर ती सगळ्यांना सोलून द्यायची आणि मग बोटांचा वास घेत बसायची.

किडनी बदलली तर बाई वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, साखरेचा आजार, त्यामुळे त्यांची चालत नव्हती. भाच्याचं नाव काढलं की बाई उठून जायची. "पोराचं पोट फाडून मले जगाचं नाई. त्याचं लगन व्हाचं हाये अजून. यादीत नाव टाका, नंबर येईन तवा येईन." नंबर येत नव्हता. तिच्या हातावर सुई टोचायला जागा सापडणं दर वेळी अवघड होत होतं.

भाऊजी एकदा एकटेच अमरावतीला आले. आमच्या ओसरीत बसले. बोलायला आले होते आणि बोलत नव्हते. मी म्हटलं, "भाऊजी, माझं तपासून पाहू."

ते चहाच्या कपात पाहत राहिले. "तिले सांगू नोको पन. ते आत्ताच नाई म्हनंन."

बायको दाराशी उभी होती. मला वाटलं रडेल, भांडेल. तिचा तो हक्क होता. ती पदराला हात पुसत म्हणाली, "द्या. बाईनं तुमाले मोठं केलं. पन किडनी बाईले दिल्यावर हे पोट कोनाले देता, ते बी ठरवून ठेवा."

पोटाची गोष्ट तिनं गमतीत काढली होती, पण तीच नडली. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळत आलं, आणि अमरावतीच्या किडनीच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्टवरून नजर उचलून माझ्या पोटावर आणून ठेवली. ती तिथं बराच वेळ होती. जागाच तेवढी होती.

"एक किडनी काढली तर दुसरीवर तुमचा सगळा संसार येणार," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा संसार तिला पेलणार नाही. बीपीही काठावर आहे. ऑपरेशनला भूल देणंही जोखमीचं. असं नाही घेता येणार तुम्हाला."

"मग?"

"मग चाला."

मला वाटलं, निघा म्हणताहेत. मी उठलोही. खुर्ची माझ्याबरोबर उठली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "बसा. चाला म्हणजे रोज चाला. भाजी आणायला जातात तसं नाही, जोरात. दम लागला पाहिजे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. तो तुमचा वेग. हृदय आणि फुप्फुसं सलग कामाला लागली की शरीर साठवलेली चरबी काढून जाळायला लागतं. दोन मिनिटं पळून धापा टाकत बसलात तर काही होणार नाही. आणि जेवण आवरा. नुसतं चालून वर चरत राहिलात तर पुन्हा तिथंच. वजन उतरलं, बीपी उतरलं की या." मग थांबून म्हणाल्या, "फार उशीर करू नका. त्यांच्याकडे फार वेळ नाही."

दवाखान्याबाहेर आलो आणि पहिल्यांदा मला कळलं की माझं पोट आता एकट्या माझं राहिलं नव्हतं. बाई जगणार की नाही, हे आता तिच्याच हातच्या भाकरी माझ्या अंगावरून उतरतात की नाही, यावर आलं होतं.

अमरावतीत सकाळी फिरायला जाणं ही तब्येतीपेक्षा ओळखीपाळखीची गोष्ट आहे. पहिल्या दिवशी कानटोपी घालून निघालो, तर गल्लीच्या कोपऱ्यावरच हाक आली, "काहो, इतक्या सकायी? कोनी गेलं काय?"

"नाही, फिरायला निघालो."

"मंग या नं! रिकाम्या पोटी कोनी फिरते काय? चहा टाकलाच हाये."

आमच्याकडे दारावरून जाणाऱ्याला चहा विचारतात, आणि नाही म्हटलं तर त्याच्या मनात काहीतरी आहे असं समजतात. एका घरी घेतला म्हणून दुसऱ्या घरी घ्यावा लागतो. दुसऱ्या घरी चहाबरोबर चिवडा येतो, तिसऱ्या घरी मुलीचं लग्न ठरलेलं असतं. एवढं करून वडाळीच्या तलावापर्यंत पोचलोच, तर तिथं आमच्या कार्यालयातली मंडळी एक फेरी मारून दह्यातला गिला वडा खायला निघालेली असायची. त्यांच्यात कित्येक जण वर्षानुवर्षं फिरत होते आणि वर्षानुवर्षं गोल होत चालले होते. मीही मिसळलो. महिन्यानं काट्यावर उभा राहिलो, तर काटा थोडा पुढेच सरकला होता.

बायकोनं तो काटा पाहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडीवर स्वेटर, पायांत माझ्या मुलीचे बूट, अशी ती दारात उभी. "चाला. चहावाल्यांच्या गल्लीनं नाई जाचं. छत्री तलावाच्या रस्त्यानं जाऊ."

"तिकडं बिबट्या असतो म्हणतात."

"असू द्या. तुमाले पाहून तो म्हनंन, हे एकट्याच्यानं सरत नाई, घरच्याईले घेऊन येतो."

तशी आमची चाल सुरू झाली. डॉक्टरबाईंचं बोलण्याचं कलम बायकोनं मनावर घेतलं. चालता चालता ती प्रश्न टाकायची आणि मी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं पाहिजे, असा तिचा दंडक होता. "सांगा, आपल्या लग्नात तुमच्या मामानं माह्या बापाले काय म्हटलं होतं?" उत्तर देता आलं नाही तर वेग कमी करायचा, आणि फार भराभर दिलं तर वाढवायचा. एवढ्या वर्षांत ज्यांना मी बगल दिली होती ते सगळे विषय त्या हिवाळ्यात निघाले. पळून जावं तर दम नव्हता.

पण एक सांगतो. बोलणं सरायचं अशी एक जागा त्या रस्त्यावर यायची. तलावाच्या पाण्यावर वाफ असायची, पलीकडे पोहऱ्याच्या टेकड्या निळ्या, पुसट, कोणी पाण्यानं काढल्यासारख्या. मोर ओरडायचा आणि तो कुठं आहे ते दिसायचं नाही. सुरुवातीची धाप ओसरलेली असायची, आणि श्वास आपला आपण चालायला लागायचा, आत, बाहेर, पावलांच्या मागं मागं. बायकोही गप्प व्हायची. तेव्हा मी जागा असायचो की झोपेत, हे मला आजही सांगता येणार नाही. मला धूर दिसायचा, चुलीचा, आणि ज्वारीच्या भाकरीचा करपट वास यायचा. मी परकरी पोरीच्या कडेवर असायचो आणि माझं वजन तिला पेलत नसायचं, ती मला पुन्हा पुन्हा वर ओढून घ्यायची. मग बायको कोपर मारायची. "डोये उघडे ठेवा. नाली हाये समोर."

उन्हाळा आला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात सूर्य निघाल्यावर चालणं म्हणजे भट्टीत शिरणं, म्हणून आम्ही आणखी लवकर उठायला लागलो. रस्त्यावर कडुलिंबाचा बारीक मोहोर पडलेला असायचा आणि चालताना तो चपलेखाली कळायचाही नाही, नुसता वास यायचा. पहिल्यांदा माझा पट्टा एक भोक आत गेला, तेव्हा मी त्या भोकाकडे परदेशी गेलेला नातेवाईक परत आल्यासारखं पाहत बसलो. खुर्चीनंही मला सोडलं. कार्यालयात उठलो तर मागे काही आलं नाही, आणि मला जरा एकटं वाटलं.

खरी अडचण अकोल्याची होती.

दर रविवारी मी बाईकडे जायचो. न जाणं शक्य नव्हतं, आणि जाऊन न जेवणं त्याहून नव्हतं. बाई स्वतः उठायला थकलेली, पण मी येणार म्हटलं की भाजी तिच्याच हातची. मी बहाणे केले. पोट बिघडलं म्हटलं, तर तिनं मुगाची खिचडी केली आणि त्यात एवढं तूप घातलं की आजारी माणसानं दगावावं. एकदा उपास आहे म्हटलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "उपास? आपल्या घरात कोनं धरला होता रे उपास? आपल्या आबाजीनं दीक्षा घेऊन देव सोडले, तवाच उपासबी सोडले. नवीन धरम घेतला काय तू?" भाऊजी भिंतीकडे तोंड करून हसत होते.

एका दुपारी मी अर्ध्या भाकरीवर हात धुवायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, "जेव नं बाबू. मले तं काई खाता येत नाई. तू खातू नं, तं मले चव लागते."

मी खाली बसलो आणि सगळं जेवलो. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर मूर्तिजापूरकडची काळी जमीन मागं मागं जात होती, नांगरलेली, कोरडी, आणि मला कळत नव्हतं की आज मी बाईचं भलं केलं की बुरं. घरी पोचल्यावर बायकोनं माझा चेहरा पाहिला आणि चपला घातल्या. आम्ही संध्याकाळीही चालून आलो.

हळूहळू माझे गाल बसले. अमरावतीत लोक चोरून विचारायला लागले, साखर निघाली काय. बाईनं चोरून विचारलं नाही. तिनं बायकोला फोन केला. "काय वं, माह्या भावाले उपाशी ठेवून राहिली काय? गयाची हाडं दिसून राहिली त्याच्या." बायकोनं ऐकून घेतलं. फोन ठेवून म्हणाली, "पुन्य तुमचं आन शिव्या माह्या."

पाऊस लागल्यावरचा एक रविवार. बाईनं पातोड्या केल्या होत्या. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, बसून बसून, थांबून थांबून केल्या होत्या. मी थोड्या खाल्ल्या आणि ताट बाजूला केलं. डॉक्टरबाईंकडे जायला आठवडाच राहिला होता. बाईनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"मीठ जास्त झालं काय?"

"नाही बाई."

"मले चाखता येत नाई आता. जास्त झालं असंन तं सांग."

"बरोबर आहे मीठ."

"मंग माह्या हातचं तुले आवडत नाई आता." तिचा आवाज बारीक झाला. "बिमार बाईच्या हातचं लोकाईले नाई खावावाटत, मले मालूम हाये. पन तुले बी?"

भाऊजींनी हातातला घास ताटात टाकला. एवढे महिने गप्प राहिलेला माणूस एकदम फुटला. "अवं, तुह्यासाठीच उपाशी राहून राहिला तो! किडनी देऊन राहिला तुले. डाक्टरनं सांगतलं, वजन उतरव, मंग घेतो. पहाटी उठून चालते तो, कायसाठी? आन तू त्याच्या ताटात तूप वतून राहिली!"

छतावर पाऊस वाजत होता. बाई आमच्या दोघांकडे पाहत राहिली, जसं काही आम्ही कोणत्या तरी परक्या भाषेत बोललो. मग ती भिंतीला धरून उठली आणि बाहेर गेली.

तिच्या घरासमोर बुद्धविहार आहे. पावसाची सर थांबली तेव्हा ती त्याच्या पायऱ्यांवर बसलेली दिसली. मी शेजारी जाऊन बसलो. पायरी ओली होती. समोरच्या मैदानात पाणी साचलं होतं आणि त्यात ढग चालले होते.

"मी तुले भाकर चारली ते वापस घ्यासाठी नाई चारली," ती म्हणाली.

"तू कुठं मागितलं? मी देतोय."

"तुले काई झालं तं? तुह्या पोरीले कोन पाहीन?"

"डॉक्टर म्हणतात, नीट राहिलो तर एका किडनीवर माणूस म्हातारा होतो."

"डाक्टर म्हनतात." तिनं ओल्या पायरीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "माय कापूस येचाले जाये तवा सांगून जाये मले, याले उपाशी नोको ठेवजो. तेच करत आली मी. दुसरं काई शिकलीच नाई."

ढग साचलेल्या पाण्यातून निघून गेले, आणि पाण्यात आता विहाराचा पांढरा घुमट तेवढा होता. तिनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी गाडीत बसलो तेव्हा तिनं दर वेळेसारखा डबा दिला नाही, एवढंच.

तो आठवडा मी चाललो, पण पाय जड पडत होते. माझं वजन उतरून उपयोग काय, बाईच नाही म्हणाली तर? बायको म्हणाली, "तुमी तुमचं उतरवा. तिचं तिले उतरवू द्या."

डॉक्टरबाईंकडे जायच्या आदल्या दिवशी अकोल्याला गेलो. बाईनं मला नेहमीच्या जागी बसवलं. ताट आणलं. ताटात अर्धी भाकर, मेथीची कोरडी भाजी, काकडी आणि वाटीभर पातळ वरण. तूप नाही. मी ताटाकडे पाहत राहिलो. ती समोर बसली, हात मांडीवर गच्च धरून, कारण ते हात मोकळे सोडले तर कुठं जातील याची तिलाही खात्री नव्हती. मी जेवलो. अर्धी भाकर संपली. सवयीनं मी पाण्यासाठी मान वर केली, खाली पाहिलं, आणि ताट रिकामंच होतं.

"ऊठ आता," बाई म्हणाली.

तिचे डोळे भरले होते, पण तिनं ताट ओढून घेतलं. "ऊठ म्हटलं नं! भूक असली तरी ऊठ."

जन्मात पहिल्यांदा मी तिच्या घरून अर्धपोटी उठलो. एवढं कोणी मला कधी वाढलं नव्हतं.

आणि तेवढ्यावर ती थांबती तर ती बाई कसली? तिनं भाऊजींना प्लास्टिकची खुर्ची विहाराच्या मैदानाच्या कडेला ठेवायला लावली, तिथं जाऊन बसली आणि मला म्हणाली, "चाल. पायतो तं खरं, कसा चालतू." मी फेऱ्या मारायला लागलो. गल्लीतले लोक दारात आले. "काय झालं हो? भावाले शिक्षा करून राहिल्या काय?" बाई त्यांना हात करून गप्प करायची आणि मी समोरून गेलो की ओरडायची, "हात हालव! दम लागला काय? मंग गानं म्हन!"

मी म्हटलं. दोन शब्दांत श्वास तुटला.

"हां," बाई खुर्चीत मागं टेकून म्हणाली, "आता बराबर." हे कलम तिला कोणी सांगितलं, ते बायकोनं अजून कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काट्यावर उभा राहिलो. डॉक्टरबाईंनी आकडा पाहिला, रक्तदाब पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला. "थोडं अजून," त्या म्हणाल्या, "पण आता तारखेचं बोलू शकतो." ते थोडं अजून आम्ही सरत्या पावसात चाललो, छत्र्या घेऊन, आणि तलाव काठोकाठ भरत आला. मग अवयवदानाला परवानगी देणाऱ्या सरकारी समितीसमोर जाणं झालं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "तुमच्यावर बहिणीकडून कुठला दबाव आहे का?" मी म्हटलं, "लहानपणापासून होता साहेब, पण तो जेवणाचा." त्यांना तो विनोद कळला नाही. बाईनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

ऑपरेशन अमरावतीलाच झालं. त्याबद्दल मला सांगता येण्यासारखं काही नाही. डोक्यावर गोल दिवे होते, कोणीतरी म्हणालं मोठा श्वास घ्या, आणि मी घेतला, सवय होतीच. मग नुसतं पांढरं. कापसाच्या शेतातून चालल्यासारखं पांढरं, आणि त्यात कोणी माझं नाव घेत होतं, ते बराच वेळ मला दुसऱ्या कोणाचं तरी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं मला उभं केलं. "चला काका, चालायचं थोडं."

बायको म्हणाली, "हे काय सांगून राहिल्या तुमी याईले? हे तं पक्के चालनारे हायेत."

पक्का चालणारा भिंत धरून, कुशीवर हात दाबून, सरपटल्यासारखा निघाला. दहा पावलांत घाम फुटला. दवाखान्याचा तो लांब बोळ खिडक्यांतून आलेल्या उन्हानं पट्ट्यापट्ट्यांचा झाला होता, आणि मी एका पट्ट्यातून दुसऱ्यात जायला जेवढा वेळ घेत होतो तेवढ्यात एरवी आम्ही अर्धा तलाव मागं टाकला असता. बोळाच्या टोकाला काचेचं दार होतं. त्याच्या आत बाई होती. आत कोणालाच सोडत नव्हते. भाऊजी दाराबाहेर उभे होते. रात्रभर तिथंच असावेत. मला येताना पाहून ते माझ्याकडे धावले, आणि मला धरायचं सोडून माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

मी भिंत घट्ट धरली. "काय झालं भाऊजी?"

"लघवी," भाऊजी म्हणाले.

"काय?"

"लघवी झाली तिले! आत्ता सिस्टर सांगून गेली. किडनी चालू झाली लेका! थैली भरली म्हने, थैली! दुसरी लावली!" आणि एवढा मोठा, पांढऱ्या मिशांचा, गल्लीत ज्याच्यासमोर पोरं आवाज खाली करतात तो माणूस, बोळात उभा राहून रडायला लागला. शेजारच्या बाकावर एक अनोळखी म्हातारे गृहस्थ बसले होते. भाऊजी त्यांच्याकडे वळले. "बरी झाली हो माही बायको! भल्ली लघवी झाली तिले!"

म्हाताऱ्यांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. "अभिनंदन," ते म्हणाले, नातू झाल्यावर म्हणतात तसं, अगदी गंभीरपणे.

मला हसू आवरेना. हसलो की टाके ओढायचे, ओढले की डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पाणी टाक्यांचं की दुसरं कशाचं, हे बायकोनं विचारलं नाही. ती मला काखेत धरून उभी होती. भाऊजी तोवर पुढच्या बाकावर पोचले होते.